ठेंगूला घरी आणायचंय

मी अंतराळयान बोलतोय. दचकू नका, खऱ्या आभाळातलं नाही, संगणकावरच्या खेळातलं. मला कुणी हात लावू शकत नाही, पण तापतो मी खराखुरा, निदान मला तरी तसंच वाटतं. काचेच्या आत माझं सगळं आकाश आहे आणि काचेच्या बाहेर एक छोटी खोली. त्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि माझी माणसं.

मला जोडलं भिंगरीच्या बाबांनी. ते लिफ्ट दुरुस्त करतात. आठवडाभर माणसं वर-खाली करून त्यांचं समाधान होत नाही, सुट्टीच्या दिवशीही काहीतरी वर पाठवायचंच असतं. खाली इंजिन, त्यावर इंधनाच्या टाक्या आणि टोकाला एवढीशी केबिन. केबिनमध्ये एक बुटका अंतराळवीर बसवला. भिंगरीने लगेच त्याचं नाव ठेवलं, ठेंगू. भिंगरी म्हणजे त्यांची लेक. एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी.

पहिल्यांदा मी उडालो तो वर जायच्या ऐवजी आडवाच पळालो आणि फुटलो. दुसऱ्यांदा जागेवरच फुटलो.

"बाबा, हे रॉकेट आहे का फटाका?" भिंगरी म्हणाली.

बरं, खेळात एक सोय असते. एक बटण दाबलं की झालेलं सगळं पुसलं जातं आणि मी पुन्हा कोरा करकरीत उभा. ठेंगूही हसत बसलेला असतो, जणू काही झालंच नाही.

मग भिंगरीच्या आईने लक्ष घातलं. तोवर ती मागे कपड्यांच्या घड्या घालत नुसती बघत होती. पुढे येऊन म्हणाली, "एकच पॅराशूट? आणि ते नाही उघडलं तर?"

बाबांनी आणखी एक लावलं. "आणि तेही नाही उघडलं तर?" मग आणखी दोन. मग अंधारात भीती वाटेल म्हणून दिवे. उतरताना पाय घसरेल म्हणून शिडी. वीज संपेल म्हणून बॅटऱ्या, आणि बॅटऱ्यांवर बॅटऱ्या. मी इतका फुगलो की पडद्यावर मावेना.

कोपऱ्यात आईच्या सासूबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "अगं, पोराला फिरायला पाठवतेयस का घर हलवतेयस?"

इंजिन पेटलं. धूर झाला, आवाज झाला, खोलीतली काच थरथरली. मी मात्र होतो तिथेच!

"हलतच नाहीये की हो," आई म्हणाली. "इंजिन अजून एक लावा."

"इंजिन वाढलं की इंधन वाढवायला लागतं," बाबा म्हणाले, "आणि इंधन वाढलं की तेच उचलायला अजून इंधन लागतं. यातून सुटका नाही बघ. काहीतरी कमी कर."

एकेक वस्तू काढताना तिचा जीव खालीवर होत होता. शिडी गेली, दिवे गेले, बॅटऱ्या गेल्या, एक सोडून बाकीची पॅराशूटंही गेली. शेवटी मी हलका झालो आणि काय सांगू तुम्हाला, असा सुटलो! खालची जमीन निळी गोल झाली. भिंगरी खुर्चीवर उभी राहून ओरडत होती.

पण चंद्राकडे जाताना घोळ झाला. बाबांनी माझं नाक सरळ चंद्रावर धरलं. मी तिथे पोचेपर्यंत चंद्र आपला पुढे निघून गेलेला. मग त्याच्या मागे धावाधाव. तो जिथे असणार आहे तिथे जायचं असतं, आहे तिथे नाही, हे कळेपर्यंत टाकीचा तळ दिसायला लागला होता. शेवटी एकदाचा मी चंद्राभोवती फिरू लागलो. बाबांनी आनंदाच्या भरात खेळ साठवून ठेवला. तोही आधी साठवलेला खेळ होता त्याच जागी, म्हणजे तो पुसून. मग त्यांनी इंधनाचा काटा पाहिला.

"काय झालं?" आईने विचारलं. तिला चेहऱ्यावरून कळतं.

"परत यायला इंधन पुरणार नाही बहुतेक. आणि मागेही जाता येत नाही. जुनं सगळं पुसलं गेलं." बाबा भिंगरीकडे वळले. "आपण नवा ठेंगू पाठवू या का गं?"

"तो दुसरा असेल," भिंगरी म्हणाली. तिचे डोळे भरले. "हा तिथेच एकटा राहील."

आणि मग तिने जाहीरच करून टाकलं. "ठेंगू घरी आला की मी शाळेत जाईन. तोवर नाही."

शाळा आठवड्याने, सोमवारी उघडणार होती. भिंगरीचा तिथला पहिलाच दिवस. दप्तर आणलेलं, गणवेश शिवून आलेला. आईने समजावलं, बाबांनी लाडीगोडी लावली, सासूबाईंनी डोळे वटारले. भिंगरी ढिम्म. टेबलाला चिकटून बसली. मला त्या काचेतून तिचं नाक तेवढं दिसायचं, चपटं झालेलं.

बाबांना एका नव्या इमारतीचं काम आलं होतं, त्यामुळे तो आठवडाभर दुपारी माझ्यासमोर आई बसायची. आधी तिला माझी बटणंही माहीत नव्हती. चुकून दिवा लावायची, चुकून खेळाचा आवाज बंद करायची. पण एकदा शिकलेलं ती विसरत नसे. आणि काळजीखोर माणसाचा एक फायदा असतो बघा, ते सगळं पुन्हा पुन्हा तपासतात. कोणतं बटण दाबलं की काय सुटणार तो क्रम तपासताना तिला दिसलं, की टाकी सुटते त्याच दाबासरशी पॅराशूटही उघडणार होतं. म्हणजे परत येताना, हवेत शिरल्यावर पेटणाऱ्या आगीतच! तिने ते ओढून सगळ्यात शेवटी नेऊन ठेवलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

रविवारी दुपारी तिने इंजिन पेटवलं. बाबा सुट्टी असूनही कामावर होते, पण फोनवर होते. इंधनाचा शेवटचा थेंब जळला. मी चंद्राला सोडून घराकडे निघालो. पडद्यावर माझ्या वाटेची रेघ उमटली. निळ्या गोलाच्या अगदी जवळून जात होती, हवेला न शिवता. म्हणजे मी येणार, वळसा घेणार, परत लांब जाणार. पुन्हा पुन्हा, कायमचा.

"अहो, जरासं राहिलंय हो!" आई रडकुंडीला आली. "आता काय करू?"

"घाबरू नकोस. लिफ्टच्या खड्ड्यात आहे, मोठ्याने बोल. ठेंगूला बाहेर काढ आणि यान ढकलायला लाव."

"बाहेर? एवढंसं पोर, त्या काळोखात?"

"त्याच्या पाठीवर छोटं इंजिन आहे. यान सगळ्यात लांब असेल तेव्हा समोरून मागे रेट. तिथे जरा धक्का दिला की इकडे वाट बरीच खाली येते."

"आणि हात सुटला तर? तरंगत गेला तर?"

फोनवर नुसता हातोड्याचा आवाज आला. आईचं बोट बटणावर होतं, पण दाबत नव्हतं. मी वाट बघत होतो. शेवटी भिंगरीच म्हणाली, "आई, जाऊ दे ना त्याला. येतं त्याला."

आईने तिच्याकडे पाहिलं. आणि दार उघडलं.

ठेंगू बाहेर आला तो भलतीकडेच गेला. जोर जास्त झाला होता. मग हलके हलके दाबत तिने त्याला वळवलं, माझ्या नाकाशी आणलं. ठेंगूने डोकं टेकवलं आणि लागला रेटायला. त्याचं इंजिन दमलं की आत यायचा, आत आला की ते पुन्हा भरायचं. कसं ते मला विचारू नका, खेळ आहे.

सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या. "रेट रे बाळा, रेट!"

रेघ केसभर खाली आली. मग अजून केसभर. आणि मग निळ्यात शिरली.

घरी येताना मी लालबुंद झालो. इंजिनासकट टाकी सोडली, आता केबिन तेवढी उरली. आईला पॅराशूट तेव्हाच उघडायचं होतं. "थांब," बाबा फोनवर ओरडले, "आत्ता उघडलंस तर जळेल!" ती थांबली. ओठ चावत थांबली, पण थांबली. ज्वाळा विझल्या, मग तिने बोट टेकवलं. वर फुलासारखं काहीतरी उमललं आणि मी समुद्रात डुबुक केलं.

"आला?" फोनमधून बाबा.

"आला!" तिघी एकदम.

आज सोमवार. मी अजून पाण्यावर तरंगतोय. आता एक बटण दाबलं की माझे सुटे भाग होणार आणि ठेंगू आपल्या सोबत्यांत जाणार. सकाळी आई ते दाबायला निघाली, तर भिंगरीने बूट घालता घालता बजावलं, "मी आल्यावर मी दाबणार. तू हात लावायचा नाहीस." आणि गेली. दारात एकदाही मागे वळली नाही. मी बघत होतो.

मोडायचं मला दुःख नाही. नवं कुणी काही जोडेल तेव्हा माझी केबिन त्याच्या कामाला येईल. माझी विनंती वेगळीच आहे. आमच्या आईसाहेबांना कुणीतरी खुर्चीवरून उठवा हो. शाळेत सोडून आल्यापासून तिथेच बसल्यात. दर थोड्या वेळाने काचेजवळ येऊन ठेंगूला विचारतात, "बरा आहेस ना रे?"

आम्ही दोघंही छान आहोत. तो प्रश्न आमच्यासाठी नाही, हेही आम्हाला कळतं.

"अगं," सासूबाई विणता विणता म्हणतायत, "पहिला तास तरी होऊ दे तिचा."