लेकीच्या वर्गात नापास

मोठ्या सिस्टर पुन्हा चुकल्या, आणि वर्गातल्या पोरी खाली माना घालून हसू दाबायला लागल्या.

काम तरी काय, तर बाहुलीला काचेच्या पेटीत ठेवायचं, पोटावर तापमान मोजणारी तार चिकटवायची आणि पेटीची खिडकी लावायची. बस्स! ज्या बाईने अर्धं गाव स्वतःच्या हातांवर झेललं, तिला एक खिडकी लावता येऊ नये? पण वेड घेऊन पेडगावला जायचं माणसाने ठरवलंच, तर देवसुद्धा काय करणार?

"सिस्टर, खिडकी राहिली," शिकवणारी म्हणाली.

"अगं बाई, राहिली का!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "म्हातारं डोकं, मॅडम. उद्या परत शिकवा."

ही मॅडम म्हणजे त्यांची पोटची पोर. ह्याच इस्पितळात नर्स झाली आणि शिकल्या शिकल्या समुद्रापलीकडच्या श्रीमंत देशाने तिला बोलावून घेतलं. तिकडेच लग्न झालं, तिकडेच लेकरू. आता त्याच देशाने गरीब देशांना मदत म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी पेट्या पाठवल्या होत्या, आणि इथली भाषा येते म्हणून शिकवायला हिलाच धाडलं होतं. वॉर्ड शिकून तयार होईपर्यंत राहायचं, मग परत. हे ऐकलं आणि मोठ्या सिस्टरांच्या डोक्यात किडा वळवळला. वॉर्ड तयारच झाला नाही तर?

पोरींना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. मोठ्या सिस्टर चुकत असताना आपण बरोबर करून दाखवायचं, एवढी छाती त्या वॉर्डात कोणाची? एकेक करत सगळ्याच चुकायला लागल्या.

चहाच्या वेळी औषधांचं भांडार सांभाळणारे मामा तावातावाने बोलत होते. "आपण शिकवलेल्या पोरी त्यांच्या वॉर्डात आणि त्यांच्या पेट्या आपल्या वॉर्डात. आणि वर उपकार! ह्याला मदत म्हणायची?"

"मामा, धर्माच्या गाईचे दात मोजू नका," एक पोर म्हणाली. "पेटी असती तर मागची जुळी वाचली असती."

ती जुळी मोठ्या सिस्टरांनीच कापसात गुंडाळून छातीशी धरली होती, गार पडेपर्यंत. त्यांनी भरला कप तसाच खाली ठेवला.

पण घरी गेलं की हे सगळं मागे पडायचं. लेक अंघोळ करून गाणं गुणगुणत यायची आणि ओला टॉवेल खुशाल खुर्चीवर टाकायची. "परदेशात जाऊन हेच शिकलीस का गं?" म्हणून मोठ्या सिस्टर करवादायच्या, आणि तिची पाठ वळली की तोच टॉवेल नाकाशी धरायच्या. इतकी वर्षं ह्या पोरीची आठवण काढायची सवय लागली होती, की आता ती समोर असतानाही तिची आठवण येत होती.

मग पेट्या पाठवणाऱ्यांची प्रमुख बाई पाहणीला आली. उंच, हसतमुख, वागायला चांगली. तिने पोरींची एकेक चूक पाहिली आणि तिचं हसू मावळलं. इथे पेट्या वाया जातील, ती म्हणाली. उद्या शेवटचं बघते, नाहीतर दुसऱ्या देशाला पाठवते.

त्या संध्याकाळी लेक घरात येऊन तशीच उभी राहिली. "आई, बाईंना मी काय सांगू? खरं सांगितलं तर माझी आई लबाड. नाही सांगितलं तर माझं अख्खं गाव मठ्ठ."

मोठ्या सिस्टरांनी हातातला टॉवेल खाली ठेवला. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"मलाही जायचं नव्हतं गं!" म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.

मोठ्या सिस्टरांनी तिला जवळ ओढलं. राहा, एवढा एकच शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून तिचं लेकरू विचारत होतं, आई, तू कधी येणार? मोठ्या सिस्टर कित्येक वर्षं हेच विचारत आल्या होत्या, ह्याच स्वरात. त्यांनी जिभेवरचा शब्द गिळला.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी पुढे झाल्या. हात धुतले, पेटी उबदार केली, बाहुली अलगद ठेवली, तार चिकटवली, खिडकी लावली. कुठे अडखळल्या नाहीत. पोरी बघतच राहिल्या. मग त्यांच्याही हातांना शहाणपण सुचलं म्हणा ना, एकजात सगळ्यांनी बरोबर केलं. प्रमुख बाईने टाळ्या वाजवल्या. पेट्या इथेच राहतील म्हणाली, आणि शिकवणारीने सामान बांधायला हरकत नाही.

लेक जागची हलली नाही. "सिस्टर," ती म्हणाली, "पुन्हा एकदा करून दाखवा."

मोठ्या सिस्टरांनी पुन्हा केलं. तसंच, बिनचूक.

"पुन्हा एकदा."

प्रमुख बाई घड्याळ बघायला लागली. मोठ्या सिस्टरांनी तिसऱ्यांदा बाहुली उचलली, ठेवली, खिडकी लावली. लेकीने हात पुढे करून ती परत उघडली.

"पुरे, छकुले," मॅडम म्हणायचं विसरून त्या म्हणाल्या. "आलंय मला. जा आता तू."