घरचा फीडर

धाकटा दीर तापाने अंथरुणाला खिळला आणि तो उठेपर्यंत गल्लीतली वीज एकदाही गेली नाही, तेव्हा थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

तोवर ती उन्हाळ्यालाच बोल लावत होती. घराच्या तळमजल्यावर पुढच्या खोलीत तिचा शिवणाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर मोटारीवर चालणारी मोजकी मशिनं, कापड बेतायचं लांबलचक टेबल, एक वाफेची इस्त्री आणि कापड कापणारे मास्तर. मास्तरांची कात्री चाले त्याहून जास्त त्यांचं तोंड चाले. इस्पितळाला लागणारे डगले आणि चादरी इथून जात. कामाला तोटा नव्हता, पण दुपार झाली की मशिनं गप्प व्हायची. ऊन चढलं, लोकांनी एसी लावले, की शहराला वीज पुरत नसे आणि कुठली ना कुठली वस्ती बंद करावी लागे. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण दर खेपेला पहिली आपलीच गल्ली का, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

आणि ज्या कंट्रोल रूममधून वीज बंद होई, तिथे नोकरीला होता तिचाच दीर, वरच्या मजल्यावर राहणारा.

"ताई, मी काही म्हणत नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी असं म्हटलं की ते आता बरंच काही म्हणणार, हे मशिनीवरच्या बायकांना कळायचं. "पण साहेब आजारी होते तेव्हा बाजाराची गेली, मागच्या रस्त्याची गेली. आपली नाही. आज ते कामावर गेले, आणि हे बघा." त्यांनी बोट दाखवावं तशी कात्री छताकडे रोखली. पंखा शेवटचे गरके घेत होता.

"योगायोग असेल."

"असेल की. मी कुठे नाही म्हणतोय?"

थोरलीने त्यांना गप्प बसवलं, पण स्वतःच्या मनाला कसं बसवणार? राग धरायला कारण होतं. ही पुढची खोली धाकट्याला हवी होती. त्याच्या बायकोला तिथे शिकवणी सुरू करायची होती. सासऱ्यांनी खोली थोरलीला दिली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, निदान मनातली वाफ तरी गेली असती. धाकटा नुसता 'ठीक आहे' म्हणाला आणि त्या दिवसापासून जिन्यात भेटला की मान खाली घालून सटकायला लागला. पूर्वी येता-जाता "वहिनी, काय विशेष?" म्हणून थांबणारा माणूस!

मग तिने पाळत ठेवली. जिन्याखाली स्कूटर नसली की तो ड्युटीवर. स्कूटर नसे त्या दुपारी वीज जाई, आणि असे त्या दुपारी बहुधा टिके. हा 'बहुधा' तिने मनातून कधी पुसून टाकला, तिचं तिलाही कळलं नाही.

त्यात एकदा इस्पितळात चादरी पोचवून परतताना तिला तो दिसला. इस्पितळाला लागून कचेऱ्यांची नवी काचेची इमारत उभी राहिली होती. भर उन्हाळ्यात तिथले लोक म्हणे अंगात स्वेटर घालून बसत. त्या इमारतीची वीज कधी गेल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्या इमारतीच्या दारात धाकटा उभा होता, हातात चहाचा कप. इमारतीचा मॅनेजर त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत होता. थोरली थबकली, पदर सावरला आणि दुसऱ्या बाजूने निघून गेली. तिच्या मनात हिशेब जुळला होता.

नवरा ट्रक घेऊन दूर होता. तिने त्याला फोन लावला.

"तो तसला नाही," नवरा म्हणाला.

"मग आधीच्या गावाहून त्यांची अशी तडकाफडकी बदली का झाली?"

पलीकडे गिअर बदलल्याचा आवाज आला. "काहीतरी झालं होतं. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

"तुम्ही भावाभावांनी न विचारण्याची शपथच घेतलीय जणू," म्हणून तिने फोन ठेवला.

आपण तरी विचारायचंच, असं तिने ठरवलं. निमित्तही मिळालं. धाकटा डबा विसरून गेला होता आणि जाऊ तो हातात घेऊन जिन्यात उभी होती. तिच्या कपाळावर खूण होती, पूर्वी जिन्यावरून पडल्याची, असं ती सांगे.

"द्या इकडे, मी त्याच बाजूला चाललेय."

"तुम्ही?" जावेने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती डब्यात काही कालवूनच नेणार आहे. "बरं. पण ते कामात असतात हं."

कंट्रोल रूममध्ये सगळ्यात आधी तिला खटकला तो उकाडा. एसी होता, पण बंद. भिंतभर शहराचा नकाशा, त्यावर हिरवे दिवे आणि मधूनच एखादा लाल. मधोमध एक मोठा आकडा सारखा खालीवर होत होता. धाकटा पडद्यासमोर बसला होता. त्याची इन्चार्ज मॅडम फोनवर होती. शिपायाने थोरलीला दारापाशीच थांबवलं.

"अजून कमी करू? आत्ताच तर केलं!" मॅडम फोनमध्ये म्हणाली. मग फोन ठेवून वळली. "प्रदेशभर मागणी चढलीय. आपल्या वाट्याचा लोड लगेच उतरवा, नाहीतर मेन लाइन ट्रिप होईल आणि सगळीकडेच बत्ती गुल. इस्पितळ आणि पाण्याचे पंप सोडून कुठलाही फीडर, कुठल्याही वस्तीची लाइन, चालेल."

कुठलाही! थोरलीने तो शब्द नेमका टिपला. म्हणजे निवड यांच्याच हातात.

धाकट्याने क्षणभरही विचार केला नाही. हात सरळ एका जागी गेला. नकाशावरचा एक हिरवा दिवा लाल झाला. खाली त्यांच्याच गल्लीचं नाव होतं.

"भाऊजी!"

तो दचकून उभा राहिला. शिपायाला बाजूला सारत ती आत शिरली आणि डबा टेबलावर आदळत म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत केलंत. आता नाही म्हणून दाखवा."

"वहिनी, इथे नको..."

"इथेच. एका खोलीसाठी एवढं? माझ्याकडच्या बायकांची रोज अर्धी दुपार वाया जाते! आणि त्या काचेच्या महालाला हात लावत नाही, नाही का? तिथला चहा गोड लागतो!"

मॅडमने आधी तिच्याकडे आणि मग धाकट्याकडे पाहिलं. "हा तुमच्या घरचा फीडर आहे?"

त्याने मान डोलावली.

"रोज पहिला हाच तोडता आणि मी कधी विचारलंच नाही तुम्ही राहता कुठे. का?"

धाकटा खुर्चीत बसला. बोलायला लागला ते टेबलाकडे बघत. आधीच्या गावी अशाच एका उन्हाळ्यात सगळं गाव अंधारात होतं आणि योगायोगाने याचीच गल्ली तेवढी चालू राहिली. घरचा माणूस बटणावर बसलाय, मग काय, अशी कुजबुज सुरू झाली. एका संध्याकाळी खिडकीवर दगड आला.

"हिच्या कपाळावरची खूण जिन्यावरून पडून झालेली नाही, वहिनी. काच लागलीय. तेव्हापासून लोड उतरवा म्हटलं की हात आपसूक आपल्याच गल्लीकडे जातो. निदान कोणी बोट तरी दाखवणार नाही."

"आणि ती इमारत?"

"ती इस्पितळाच्या फीडरवर आहे. ती तोडायची तर इस्पितळ तुटतं. मॅनेजरला विनवायला गेलो होतो. दुपारी तुमचा जनरेटर लावा, एसी जरा कमी करा, एक अख्खी गल्ली वाचेल म्हटलं. चहा पाजला, हो हो म्हणाला, केलं काहीच नाही."

थोरलीचा राग ओसरला नाही, फक्त त्याने दिशा बदलली. "म्हणजे तुमच्या नावाला डाग नको म्हणून आम्ही उकडून मरायचं? हा कुठला न्याय?" मग आवाज उतरवून तिने विचारलं, "खोलीचा राग नव्हता, असं माझ्याकडे बघून सांगा."

त्याने वर पाहिलं. "इथे पहिल्यांदा हात तिकडे गेला तेव्हा थोडा होता. नंतर नव्हता."

तो नुसतं 'नव्हता' म्हणाला असता तर तिने त्याच्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नसता. त्या 'थोडा होता'मुळे बाकीचं तिला खरं वाटलं.

मॅडमने तिथल्या तिथे फर्मान काढलं. आजपासून निवड कोणाच्याही हातात नाही. वस्त्यांची पाळी लागेल, जिची पाळी असेल तिचीच वीज जाईल, आणि ती पाळी दाराबाहेर फळ्यावर लिहिली जाईल. कोणीही येऊन बघावं.

"आणि त्या मॅनेजरचं काय?" थोरलीने विचारलं. "यांना चहा पाजून वाटेला लावतो तो. मला नेऊन बघा."

दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या स्कूटरवर मागे बसून ती गेली. मॅनेजरने चहा मागवला. तिने कपाला हात लावला नाही. "तुमच्या शेजारच्या इस्पितळाचे डगले मी शिवते," ती म्हणाली. "दुपारी माझी मशिनं बंद असतात. डगले वेळेत का पोचत नाहीत असं तिथले डॉक्टर विचारतात. मी त्यांना तुमची इमारत दाखवू का?"

मॅनेजरचं हसू जरा आटलं. तो धाकट्याकडे वळला. धाकट्याने छताकडे बघणं पसंत केलं. शेवटी दुपारभर जनरेटर लावायचं आणि एसी कमी ठेवायचं कबूल झालं. यावेळी नुसतं हो हो नाही, मॅडमला थेट फोनवर सांगून.

परतताना धाकटा म्हणाला, "वहिनी, तुम्ही आमच्या खात्यात हव्या होतात."

"पुढे बघून चालवा."

गल्लीच्या पाळ्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. पाळी आधी कळायला लागल्यावर तिने शिवण सकाळी आणि कापडाची कटाई दुपारी असं बसवलं. मास्तर रोज फळा बघून येत आणि "पण पाळी लिहितं कोण, ते बघायला हवं," असं म्हणत.

त्या आठवड्यात इस्पितळात चादरी देऊन ती बाहेर पडली. ऊन नुसतं भाजत होतं. काचेच्या इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन तिने भिंतीला कान लावला. आत जनरेटर धडधडत होता. ती निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. आपली पाठ वळताच बंद करतील, काय नेम! भिंतीच्या अरुंद सावलीत पिशवी पायाशी ठेवून ती आणखी थोडा वेळ उभी राहिली.