वन्संची तेरावी रजा

वहिनींना उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीचा राग होता, आणि ती गोष्ट म्हणजे वन्संनी पटकावलेली खिडकी.

आता खिडकी म्हणजे काही राजवाड्यातली नव्हे. कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यातली, जाळीची, आणि बाहेर बघावं तर मागची भिंत नि पाण्याची टाकी. पण घडीखात्यातला उकाडा असा, की माणूस उभ्याउभ्या शिजून निघावा, आणि वाऱ्याची झुळूक म्हणून काय यायची ती त्या खिडक्यांमधूनच. खात्यात सहा टेबलं, बारा बायका, प्रत्येक टेबलाला दोघींची जोडी. खिडकीकडे वाळलेल्या चादरींचा गाडा येऊन लागायचा, समोरच्या बाजूला दाबाची इस्त्री वाफा सोडत बसलेली. खिडकीकडचीने गाड्यातून चादर उचलायची, दोन टोकं समोरचीच्या हातात द्यायची, दोघींनी मिळून फाडकन झटकायची, चार पदरी घडी घालून इस्त्रीखाली सारायची. की लगेच पुढची. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांच्या चादरी, दिवसाला जोडीमागे चारशे.

वन्संची आणि वहिनींची जोडी एकोणीस वर्षांची. नात्याने नणंद-भावजय, राहायला एकाच जिन्यावर वर-खाली. वन्सं थोरल्या, त्यांनीच शब्द टाकून वहिनींना कामाला लावलं. पण पहिल्याच दिवशी मला वाऱ्याशिवाय जमत नाही बाई, असं म्हणून स्वतः खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या, आणि वहिनी गेल्या इस्त्रीच्या बाजूला. त्या दिवसापासून वहिनींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो काही थांबला नाही. थोरलेपण खावं तर आमच्या वन्संनी, वारा त्यांना नि वाफ आम्हाला, असं दिवसातून चारदा तरी व्हायचं. वन्सं नुसत्या हसायच्या आणि पुढची चादर उचलायच्या. त्यांना 'वन्सं' म्हणायच्या एकट्या वहिनी, पण ऐकूनऐकून अख्खा कारखाना त्यांना वन्संच म्हणायला लागला. नव्या साहेबांनी तर ते त्यांचं पाळण्यातलं नाव समजून वहीत तसंच लिहून टाकलं होतं.

हे नवे साहेब आठ महिन्यांपूर्वी आलेले. वयाने लहान, बोलायला गोड, आणि तक्त्यांचे भारी शौकीन. आधीच्या मालकांच्या काळात आजारी पडलं की तोंडी सांगायचं नि घरी जायचं, लिहिणार कोण. साहेबांनी जिन्याखाली एक पांढरा फळा लावला, त्यावर प्रत्येकाचं नाव, आणि आजारी रजा घेतली की नावापुढे एक लाल टाचणी. मुख्य कचेरीचा नियम असा, की वर्षाला बारा रजा. तेरावी पडली की नाव कमी.

बरं, टाचणी काही दुखत नाही. पण येताजाता बाराजणी बघतात, आणि तेच माणसाला टोचतं. तापाने फणफणलेल्या बायका कामावर यायला लागल्या. आजारी हा शब्द खात्यात कुजबुजत बोलला जाऊ लागला.

आणि वन्संच्या नावापुढे आठ महिन्यांत बारा टाचण्या झाल्या.

वहिनींना लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या नावापुढे एकच टाचणी, तीही दाढ काढली म्हणून. आमच्या वन्सं नाजूकच पहिल्यापासून, असं त्या लोकांना सांगत सुटल्या. सकाळी जिन्यात वन्सं कठड्याला धरून उतरताना दिसल्या की म्हणायच्या, खिडकीत उभं राहून एवढं दुखतं, तर आमच्या जागी काय झालं असतं. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटायचं, मग संध्याकाळी वाटीभर काहीतरी गरम घेऊन वर जायच्या. असा त्यांचा स्वभाव.

एका शनिवारी साहेबांनी वहिनींना बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला तेव्हाच वहिनींनी ओळखलं, की बातमी काही बरी नाही. साहेब म्हणाले, वन्सं जुन्या आहेत, मला त्यांचा मान राखायचाय. अजून एक रजा पडली तर मला नाव कमी करावं लागेल. त्यापेक्षा त्यांनी आपणहून काम सोडावं, तुम्ही घरातल्या आहात, तुम्हीच समजावा.

वहिनींनी चहा तसाच ठेवला. वन्संना ना मूल ना बाळ, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. सकाळी सातला डबा घेऊन निघायचं आणि अकराजणींच्या गलक्यात दिवस काढायचा, यावर ती बाई उभी होती. काम सुटलं तर वरच्या खोलीत भिंतीकडे बघत बसेल, हे वहिनींना लख्ख दिसलं. समजावायचं तर सोडाच, त्या दिवशी त्यांना वर जायचाही धीर झाला नाही.

सोमवारी वन्सं कामावर आल्या त्या भिंत धरून. चेहरा पांढराफटक, कंबर एका बाजूला कललेली. तेरावी रजा नको म्हणून आल्या होत्या, हे न सांगता कळत होतं. वहिनींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं नि म्हणाल्या, आज तुम्ही इस्त्रीकडे या, शेक तरी बसेल. वन्संनी नको-नको केलं, पण आज त्यांच्यात भांडायचं बळ नव्हतं.

आणि अशा तऱ्हेने एकोणीस वर्षांनी वहिनी खिडकीत उभ्या राहिल्या. खोटं कशाला बोलायचं, त्यांना बरं वाटलं. घामेजल्या मानेवर वारा आला, टाकीवर दोन कबुतरं बसलेली दिसली. मनात म्हणाल्या, बाई गं, एवढी वर्षं ही इथे राज्य करत होती.

हे राज्य तासभर टिकलं. गाडा भरलेला होता तोवर चादर हाताशी येत होती. गाडा अर्धा झाला तसं वाकावं लागलं. मग आणखी वाकावं लागलं. तळाच्या चादरी काढायला तर पोट काठावर टेकवून डोकं आत घालायचं, ओल धरलेला जड गोळा ओढून वर काढायचा, आणि वर आलं की लगेच हात लांबवून टोकं समोर द्यायची. एक गाडा संपला की दुसरा तयार. दहा वाजता वहिनींनी पहिल्यांदा कमरेवर हात ठेवला. अकराला त्या बोलायच्या थांबल्या, आणि खात्यातल्या सगळ्याजणी माना वळवून बघायला लागल्या, कारण असं कधी झालंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांना बाकावर बसता येईना. बसल्या तर उठता येईना.

अर्ध्या दिवसात दोनशे वेळा वाकल्या होत्या त्या. त्यांनी मनातल्या मनात एकोणीस वर्षांचा हिशेब करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला, कारण डोळे भरून आले.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "ही बाजू अशी आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं?"

वन्संनी डब्यातून मान वर केली नाही. "तू आलीस तेव्हा तुला चौथा महिना होता. तू वाकली असतीस?"

"मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तर तू आभार मानत बसली असतीस, रडली असतीस. त्यापेक्षा भांडलेली बरी. पुढे पोर झालं, तू अंगावर पाजत होतीस, मग पोर शाळेत गेलं. राहून गेलं ते राहूनच गेलं."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी शनिवारीच लिहून दिलं होतं, आठ दिवस अंथरुणातून उठायचं नाही. दोन दिवस वन्सं तो कागद लपवून हिंडत होत्या. आता घरी जाऊन झोपते, म्हणाल्या, नाव कमी व्हायचं ते होऊ दे, माझ्याच्याने होत नाही.

वहिनी उठल्या. म्हणजे बाकाला धरून, टेबलाला धरून, दोन टप्प्यांत उठल्या. कमरेतून कळ गेली, पण डोक्यात असा काही जाळ पेटला होता की कळ मागेच राहिली. वन्संना गोणपाटांच्या ढिगावर आडवं करून त्या तरातरा जिन्याखाली गेल्या आणि फळ्यासमोर उभ्या राहिल्या. आठ महिने त्या फळ्याकडे न बघता जायची सवय लागली होती. आज बघितलं. नावं साहेबांनी अ-आ-इ च्या क्रमाने लावलेली. पण कोण कुठल्या टेबलाला, कुठल्या बाजूला उभी राहते, हे वहिनींना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी एकेक नाव वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

साहेब जेवत होते. वहिनींनी त्यांना हातात पोळीचा तुकडा असतानाच फळ्यापाशी आणलं. म्हणाल्या, हे बघा, ही नऊ टाचण्यांवाली, गाड्याकडची. ही दहा, गाड्याकडची. आठ, गाड्याकडची. सात आणि सात, दोघी गाड्याकडच्या. बारा, आमच्या वन्सं. आता ही एक टाचणी, इस्त्रीकडची. ही कोरी, इस्त्रीकडची. दोन, एक, कोरी, आणि ही मी.

"तुमचा फळा पहिल्या दिवसापासून खरं सांगतोय, साहेब," वहिनी म्हणाल्या. "आपण दोघांनी माणसं मोजली. जागा कुणी बघितलीच नाही."

साहेबांनी टाचण्या स्वतः एकदा मोजल्या. मग त्यांनी कोट काढून जिन्याच्या कठड्यावर टाकला आणि खात्यात येऊन खिडकीकडच्या बाजूला उभे राहिले. बाराजणींना काय करावं कळेना. साहेब म्हणाले, चला, द्या टोक. वहिनींनी टोक धरलं. पहिल्या वीस चादरी साहेबांनी झोकात काढल्या. नंतर गाडा खाली गेला तसे साहेबही गेले. एकदा तर ते एवढे आत वाकले, की बाहेर नुसते पाय राहिले आणि शेजारच्या टेबलावरच्या इस्त्रीवालीने हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. पाऊण तासाने त्यांनी हात वर केला, म्हणाले बास, आणि सरळ व्हायला त्यांना जो वेळ लागला त्यात सगळ्या खात्याने त्यांना अर्धंअधिक माफ करून टाकलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते खोटं नाही.

पण हसून वन्संचं काम वाचत नव्हतं. नियम नियमच होता, आणि आठ दिवसांची रजा म्हणजे तेरावीच काय, विसावी. साहेब टेबलाशी बसले, कपाट धुंडाळलं, आणि तळातून एक पिवळा कागद काढला. कामावरची दुखापत. या कागदावर गेलेली रजा आजारी रजेत धरायची नाही. अशा कागदाला या कारखान्यात आजवर कुणी हात लावला नव्हता, कारण त्यात एक रकाना होता, दुखापतीला जबाबदार कोण. तो कागद थेट मुख्य कचेरीत जायचा.

साहेबांनी वरचे रकाने भराभर भरले. त्या रकान्यापाशी येऊन पेन थांबलं. आठ महिन्यांची नोकरी, वर चढायचं वय. वहिनी दारात उभ्या होत्या. इथे पेन खाली ठेवलं गेलं असतं तर वन्संच्या पायाखालचं सगळंच गेलं असतं.

"माझं लिहा," वहिनी म्हणाल्या. "एकोणीस वर्षं समोर उभी होते मी. रोज बघत होते, नि रोज टोमणे मारत होते."

साहेबांनी वर बघितलं. "त्यात एकाच नावाची जागा आहे, वहिनी," ते म्हणाले, आणि खाली वाकून स्वतःचं नाव लिहिलं. ठसठशीत, पूर्ण, बापाच्या नावासकट. मग मागच्या बाराही रजा त्याच कागदावर चढवल्या, फळ्यापाशी गेले आणि वन्संच्या नावापुढच्या टाचण्या एकेक करून काढल्या. बारा टाचण्या त्यांच्या तळहातावर जमल्या तेव्हा वहिनी ढसाढसा रडल्या, आणि आपण रडतोय हे कुणी बघतंय की नाही याची त्यांनी मुळीच पर्वा केली नाही.

वन्संना घरी न्यायला चादरी पोचवणारा टेम्पो काढला. मागच्या बाजूला धुतलेल्या चादरींची गादी रचली, त्यावर वन्सं आडव्या. मला काय नवरीसारखं नेताय, म्हणून त्या कुरकुरत होत्या, पण ओठांच्या कडेला हसू होतं. खड्डा आला की गाडी हळू घे, नाहीतर माझ्याशी गाठ आहे, असं वहिनींनी ड्रायव्हरला तीनदा बजावलं. इकडे कारखान्यात मिस्त्रीने जुन्या गाद्यांच्या स्प्रिंगा काढून गाड्यात फळीखाली बसवायला घेतल्या, म्हणजे चादरी कमी होतील तशी फळी आपोआप वर येईल. आणि बाजू दर तासाला बदलायच्या, हे उरलेल्याजणींनी साहेबांना न विचारताच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब हजेरी घ्यायला उभे राहिले. चालताना जरा वाकडेच होते. नावं घेत-घेत ते वन्संपाशी आले आणि थांबले. इतके महिने अशा वेळी खात्यात खाली माना जायच्या, कुणीतरी हळूच पुटपुटायचं.

"रजेवर आहेत," वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आजारी आहेत. घरी झोपल्यात."

सगळ्याजणींनी ऐकलं. कुणाचं काही बिनसलं नाही, कुणी टाचणी आणली नाही. आणि मग तिसऱ्या टेबलावरची, जी कधी तोंड उघडत नसे, ती म्हणाली, साहेब, माझं मनगट चार महिने सुजतंय. तिच्या मागून आणखी एक म्हणाली, मला वाफेने चक्कर येते. मग जी रांग लागली म्हणता, गुडघे, खांदे, खोकला, आठ महिन्यांचं सगळं दाबून ठेवलेलं बाहेर पडायला लागलं, वर हसणं, एकमेकींची थट्टा, तुझं आधी की माझं आधी. साहेबांनी खुर्ची ओढली, पिवळ्या कागदांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि म्हणाले, एकेक जण बोला, मी लिहितोय.

त्या दिवशी चादरी दीड तास उशिरा निघाल्या. इस्पितळातून फोन आला, तो साहेबांनी घेतला आणि सांगितलं, आमच्याकडे आज जरा माणसं बरी होतायत.