हळदीखालची वाळवी

ठोका, ठोका मला. बोटाच्या पेरानं टकटक करा आणि कान लावा. आवाज कसा येतोय? रिकाम्या डब्यासारखा ना? मग ऐका, मी खांब बोलतोय. देवगडजवळच्या एका कौलारू घरात, माजघराच्या मधोमध, चाळीस वर्षं छप्पर डोक्यावर घेऊन उभा होतो. आता तुकडे होऊन न्हाणीच्या चुलीपाशी पडलोय, त्यातला हा शेवटचा.

माझा जन्मच लबाडीतला. घरमालक गंगाराम, त्याच्या बापानं हे घर बांधलं तेव्हा गावभर सांगितलं, खांब फणसाचा आहे. फणसाचा कसला! मी परसातला रायवळ आंबा. फणसाला वाळवी सहसा धरत नाही आणि आंब्याला सोडत नाही. पण वरून काव फासली, तेल चोपडलं, की कोण बघतोय? माणसं खांबाला टेकून निवांत पान खातात, खांब कशाचा ते विचारत नाहीत.

बाप गेला. पुढे माझ्या पायथ्याशी जमिनीतून वारूळ वर आलं आणि वाळवी मला आतून खाऊ लागली. गंगारामला कळलं नाही असं समजू नका. पोकळीत त्यानं कौलांचे तुकडे नि चिखल कोंबला आणि अठ्ठावन्न साली घर विकायला काढलं. गिऱ्हाईक यायच्या चार दिवस आधी पठ्ठ्यानं वारुळाला हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात नारळ ठेवला.

घर बघायला आली हौसाबाई, मासे विकणारी. मुलगा सत्यवान मुंबईला गोदीत. पैसे त्याचे, नजर हिची. किनाऱ्यावरच्या तिच्या खोपटात भरतीचं पाणी शिरायचं. लेक विमला पहिलटकरीण. तिचं बाळंतपण पक्क्या छपराखाली व्हावं, एवढाच बाईला ध्यास.

काय तिची तपासणी! कौलं हलवून पाहिली, विहिरीचं पाणी हुंगलं, माळ्यावर चढली. "कल्लो उघडून बघल्याबिगर मी बांगडो घेणंय नाय," म्हणाली. मला आनंद झाला. आता मी सापडणार! तिनं माझ्यावर ठोकायला मूठ वळली आणि खाली हळद दिसली.

"ह्या काय रे, गंगाराम?"

"सातेरी ती, मावशे! रोयणीच्या रूपान इली. तीन पिढ्ये पुजतो आम्ही. हात लावलास तर निर्वंश होतलो."

घराला चाळीस वर्षं आणि देवीला तीन पिढ्या! पण हौसाबाईची वळलेली मूठ उघडली आणि हात जोडले गेले. आमच्याकडे रोयण, म्हणजे वारूळ, ही सातेरी देवीच. साऱ्या जगाचा संशय घेणारी बाई देवीचा कसा घेणार? गंगारामला हे पक्कं ठाऊक होतं. आणि मी? मीही तेल लावून चकचकीत उभाच होतो की त्याच्या बाजूनं.

राहायला आल्यावर ती वारुळावर रोज तांब्याभर पाणी वाहायची. वाळवीला आणखी काय हवं! हळूहळू दार अडकू लागलं, कौलं सरकू लागली, सकाळी जमिनीवर भुगा दिसू लागला. हौसाबाईनं उंदरांवर संशय घेतला, कौलं शाकारणाऱ्यावर घेतला, शेजारणीवरसुद्धा घेतला. "ह्या घरात कायतरी आसा," असं पुटपुटत फिरायची. अगं बाई, मी आसा, मी!

सातव्या महिन्यात विमला माहेरी आली. पाळणा टांगायचा तो माझ्यावरच्या तुळईला. कंदिलासाठी हौसाबाई माझ्यात खुंटी ठोकायला आली. हातोडी उचलायच्या आधीच, नुसत्या अंगठ्यानं खुंटी आत गेली. भसाभस भुगा पडला. बाईनं वर तुळईकडे पाहिलं, मग लेकीच्या पोटाकडे, आणि थेट कुदळ आणली.

"आये, देवीक हात लावू नको गो! माझ्या पोटात बाळ आसा!" विमला रडायलाच लागली.

हौसाबाई थांबली. कुदळ तिनं खाली टेकवली. पदर खांद्यावर घेऊन तिनं तिथंच गाऱ्हाणं घातलं. "गे सातेरी माये, तू हयसर असशीत तर माझ्या लेकीच्या बाळार घर पाडूचंस नाय. नसशीत तर ही नुसती वाळवी. माझा काय चुकला तर शिक्षा माका दी, लेकीक नको!"

गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यावा लागतो. घरात तिसरं माणूस नव्हतं. शेवटी विमलाच डोळे पुसत म्हणाली, "व्हय म्हाराजा."

कुदळ वारुळावर पडली. वारूळ फुटलं, आतून गंगारामची कौलं निघाली. माझा पाय? नव्हताच तिथे. महादू सुतारानं धावत येऊन तुळईला टेकू दिले आणि मला कापून बाहेर काढलं. खरं सांगतो, चाळीस वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

माझ्या जागी आता चिऱ्याचा खांब आहे. पक्का आहे म्हणे. म्हणे! हौसाबाई त्यालाही रोज ठोकून बघते आणि तिथंच एक फूलही ठेवते. कोण जाणे, देवी असलीच तर?

तुम्हीही घर घ्याल तेव्हा पाया जरूर पडा. पण वाकलाच आहात तर जरा ठोकूनही बघा.

विमलाला मुलगी झाली. आज बारसं. नातीच्या अंघोळीचं पाणी तापवायला हौसाबाईनं माझा शेवटचा तुकडा उचललाय आणि सवयीनं त्यावरही टकटक करतेय. घाल, बये, घाल मला चुलीत. या खेपेला नाही फसवणार.