उभ्या गाडीचं इंजिन

"आधी तिला जागी होऊ दे. लगेच पळवू नकोस."

नवऱ्याचा तो आवाज अजून कानात आहे. गाडी घरात नवी होती, मीही घरात नवीच होते, आणि पहिल्यांदाच तिच्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. गडद लाल, बुटकी, दोनच सीटची. आत शिरायचं म्हणजे जमिनीवर बसल्यासारखंच. आमच्या दोन्ही घरांत कुणी कधी स्पोर्ट्स कारच्या वाटेला गेलं नव्हतं. त्यामुळे तो जे सांगेल ते खरं. इंजिन तापल्याशिवाय जोर लावायचा नाही. लांबून आल्यावर लगेच बंद करायचं नाही, तिला दम खाऊ द्यायचा. चाकांतली हवा बघत राहायची. सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

मग तो समुद्रापलीकडे कामाला गेला. लवकर येतो म्हणाला. आधी त्याचे फोन मला यायचे, मग आम्हा दोघींना, मग मी डोळ्यांच्या दवाखान्यात कामावर असताना फक्त सासूबाईंना. संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच त्या सांगायच्या, "फोन आला होता गं. येतोय म्हणाला. जरा लांबलंय, एवढंच."

लांबलं म्हणजे किती, हे मी विचारायचे नाही. विचारलं की उत्तर येतं.

सासूबाईंनी आयुष्यभर पडदे शिवले. शिलाई मशीनला रोज थेंबभर तेल, रोज चाकाला दोन फेरे, काम असो वा नसो. मशीन पडून राहिलं की अडकतं, हा त्यांचा अनुभव. तोच नेम त्यांनी गाडीला लावला. रोज सकाळी शालीत गुंडाळून खाली जायच्या, कशाबशा आत बसायच्या, किल्ली फिरवायच्या. मी वर केस विंचरत ऐकायचे. गाडी खोकायची, घुमायची, खिडकीची काच थरथरायची. चहा उकळेपर्यंत ती जागच्या जागीच चालू राहायची. मग बंद.

"झाली जागी," वर येऊन म्हणायच्या. "आला की त्याच्या हातात तयार द्यायची."

त्या घुमण्यावर माझा दिवस उभा राहायचा. गाडी जागी आहे म्हणजे तो येणार आहे. मी दवाखान्यात लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बदलत राहायचे. आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. दुसऱ्या गावात नवा दवाखाना निघत होता, तो मी सांभाळावा म्हणाल्या. राहायला खोल्या, हाताखाली माणसं. घरी येऊन सांगितलं. सासूबाईंच्या हातातली सुई थांबली.

"जा की," त्या म्हणाल्या. "मी कोण अडवणारी? फक्त तो आला आणि घराला कुलूप दिसलं तर... बघ बाई तुझं तू."

मी नाही म्हणून कळवलं. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गाडी सकाळी खोकलीच नाही. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तेलाचं झाकण उघडलं, बोट फिरवलं आणि आमच्यापुढे धरलं. बोटावर पांढरट, साईसारखं काहीतरी.

"काकू, तेलाचा चहा केलात की! तोही दुधाचा."

"रोज चालू करते हो मी. एक दिवस चुकवलेला नाही."

"तेच तर. रोज उठवता आणि तोंड धुवायच्या आत परत झोपवता. इंजिन पुरतं तापतच नाही. आत पाणी साचतं, ते तेलात जातं. बॅटरीही भरत नाही. एका जागी उभं राहून टायर खालून चपटे झालेत. हिला चालवा तरी, नाहीतर झोपू तरी द्या. मधलं काही हिला सोसत नाही."

"पण त्याची गाडी... ओरखडा आला तर?"

"ओरखडा पुसता येतो, काकू."

त्यानं तेल बदललं, बॅटरी घातली. आतला भाग किती झिजलाय ते चालल्यावरच कळेल म्हणाला. लाल दिवा लागला तर त्या क्षणी बंद करायची, घरापर्यंत ओढायची नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी निघालो. सासूबाईंना आत बसवताना मी म्हटलं, "आई, आधी पाय नाही, आधी बूड." त्या हसल्या, मीही हसले. कितीतरी दिवसांनी. चपट्या टायरांमुळे गाडी लंगडल्यासारखी चालली होती. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मी पाय थोडा दाबला. ती पुढे झेपावली, आणि क्षणभर मला वाटलं, तो जिथे असेल तिथपर्यंत हा रस्ता जात असेल.

मग खालून आवाज आला. बंद दारावर कुणी गाठीची काठी मारत असल्यासारखा. लाल दिवा लागला. मी लगेच बंद केली, तशीच घरंगळत कडेला घेतली. मिस्त्रीला फोन केला. आवाज कसा होता ते त्यानं दोनदा विचारलं.

"ताई, गेलं ते इंजिन," तो म्हणाला. "परत चालू करू नका. येतो मी ओढून न्यायला."

मी सासूबाईंना सांगितलं. बॉनेटखाली तापलेलं लोखंड टिकटिक करत निवत होतं. दोन्ही बाजूंना कापून नेलेली शेतं, एक पाखरू नाही. मला रडू फुटलं.

"आता काय सांगायचं त्याला, आई? तो आला की काय दाखवायचं?"

त्यांनी माझा हात धरला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, उलगडत राहिल्या. इतक्या लहान जागेत त्यांना तोंड फिरवायला कुठे जागाच नव्हती.

"काही सांगायचं नाही त्याला," त्या म्हणाल्या. "तो येणार नाहीये. केव्हाच सांगितलंय त्यानं मला. तिकडे त्याची बाई आहे, लेकरू आहे. 'मला तोंड नाही, आई, तू तिला सांग, तिला मोकळी हो म्हणावं,' असं म्हणाला. मी नाही सांगितलं. तू गेली असतीस गं."