नऊ ते तीन मॉलमध्ये

नवऱ्याची मीटिंग नऊला सुरू व्हायची, म्हणून आमची तिघांची वरात नऊला घराबाहेर पडायची. घर म्हणजे एक खोली आणि तिलाच चिकटलेला ओटा, मध्ये दार नाही. तो कानाला हेडफोन लावून बसला की घरात चमचा पडायची चोरी. मुलांनी जरा आवाज केला की तो मागे न बघता एक बोट वर करायचा. दुसऱ्यांदा बोट वर गेलं की मी मुलांच्या पायात बूट चढवायची. बाहेर थंडी, परक्या देशात ओळखीचं कुणी नाही, शाळेत जागा मिळायला अजून चार महिने. उरला मॉल.

लोकांना मॉल म्हणजे चैन वाटते. रोज जाऊन बघा म्हणावं, दोन लेकरं घेऊन. सरकत्या जिन्याने वर, सरकत्या जिन्याने खाली, मग दुसऱ्या मजल्यावरच्या गाद्यांच्या खेळघरात दोन तास. तिथे पैसे पडत नाहीत. बाहेरचं खाणं आणायला मनाई, म्हणून डबा मांडीवर, डब्यावर जाकीट, आणि घास चोरासारखे. फरशी पुसणाऱ्या मावशी मला बघून मान हलवायच्या. त्यांना वाटत असेल, हीसुद्धा इथे कामालाच आहे. खोटं नव्हतं, फक्त पगार नव्हता.

इकडे यायच्या आधी अकरा वर्षं मी मराठी शाळेत गणित शिकवलं. पाढ्यांना घाबरणारी पोरं माझ्या हाताखालून हसत बाहेर पडली. इथे मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मॉलच्या मागच्या गल्लीत एका पाळणाघराला मदतनीस बाई हवी होती, तिथे मी अर्ज केला. नवऱ्याला सांगितलं नाही. त्याची उत्तरं मला पाठ होती. आधी ‘तुला इथली भाषा कुठे धड येते’, मग ‘मुलांना कोण बघणार’. मंगळवारी अकराला फोनवर मुलाखत ठरली. ही नोकरी हुकली तर आपलं डोकं ताळ्यावर राहणार नाही, हे मला स्वच्छ कळत होतं.

धाकटा तीन वर्षांचा, पायाला भिंगरी. त्या दिवशी खबरदारी म्हणून दोघांच्या मनगटावर बॉलपेनने माझा फोन नंबर लिहिला. स्वतःवरच खूश झाले.

अकराला फोन आला. पलीकडच्या बाईंचा आवाज बरा होता. मी खेळघराच्या कठड्याशी उभी, दुसऱ्या कानात बोट घालून. मूल जेवत नसेल तर काय कराल, रडायचं थांबत नसेल तर काय कराल. मी बोलत होते. आठ महिन्यांनी कुणीतरी मला माझ्या कामातलं विचारत होतं, आणि त्या परक्या भाषेत मला शब्द सापडत होते.

थोरलीने माझा स्वेटर ओढला. ती पाच वर्षांची आहे.

“आई, छोटू गेला.”

मी बघितलं. घसरगुंडीवर नव्हता. चेंडूंच्या हौदातही नव्हता. आणि मी एक बोट वर केलं. अगदी तसंच, न बघता. ती गप्प झाली, घरी होते तशी.

त्यानंतर मी आणखी दोन प्रश्नांची उत्तरं दिली. लक्षात आलं नाही असं म्हणणार नाही, आलं होतं. म्हटलं असेल इथेच, दोन मिनिटांनी काय होतंय. दुसरा प्रश्न होता, एका वेळी आठ मुलांवर लक्ष कसं ठेवाल. मी छान उत्तर दिलं.

फोन बंद केला आणि धावत सुटले. थोरलीला ओढत बुटांची फळी, स्वच्छतागृह, खेळण्यांचं दुकान, लिफ्ट. त्याच्या नावाने हाका मारत होते, लोक बाजूला सरकत होते. वीस मिनिटांनी मावशींनीच मला खांद्याला धरून तळमजल्यावर, पहारेकऱ्यांच्या खोलीत नेलं. आमचे धाकटे साहेब टेबलावर बसून बिस्किट खात होते. दोन पहारेकरी त्याचं मनगट धरून वाकले होते.

“हे काय काढलंय? इतका वेळ हेच बघतोय आम्ही,” एक म्हणाला. दुसऱ्याला ते देवाधर्माचं काहीतरी वाटलं होतं.

मी बघितलं. सगळा नंबर मराठी आकड्यांत. अकरा वर्षं फळ्यावर लिहिलेले, ठसठशीत, वळणदार. गणिताच्या बाईंनी मुलाच्या हातावर नंबर लिहिला होता आणि त्या अख्ख्या इमारतीत तो फक्त बाईंनाच वाचता येत होता. मला हसू आलं आणि लगेच रडू फुटलं.

फॉर्म भरताना त्यांनी वडिलांना फोन केला, म्हणून घरी पोचेपर्यंत नवऱ्याला कळलं होतं. हेडफोन काढून तो दारात उभा.

“एवढं एक काम आहे तुला. लक्ष कुठे होतं?”

मी तोंड उघडायच्या आत थोरली म्हणाली, “आई तिथेच होती, बाबा. छोटूच पळाला.”

सराईतासारखं म्हणाली. मी तिला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, पण त्या क्षणी खोडूनही काढलं नाही. माझी मलाच किळस आली.

गुरुवारी सकाळी पाळणाघराचा फोन आला. सोमवारपासून या, आठ ते दोन. मी हो म्हटलं आणि मग नवऱ्याला सांगितलं.

तो म्हणाला, “परवा स्वतःचं पोर हरवलंस, आणि आता लोकांची सांभाळणार? घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं! आणि ह्यांना कोण बघणार?”

“तू.”

“अगं, माझ्या मीटिंगा असतात.”

“मॉल नऊला उघडतो. हेडफोन घेऊन जा.”

तो मोठ्याने हसला. “सकाळी सकाळी बरी चेष्टा सुचते तुला.” तेवढ्यात त्याची मीटिंग लागली. त्याने पाठ फिरवली.

मी मुलांच्या पायात बूट चढवले. सोमवार यायला चार दिवस होते, भांडायला वेळ होता. लिफ्टमध्ये थोरली माझ्याकडे बघत होती.

“तू तिथे दुसऱ्या मुलांना बघणार?”

“हो.”

तिने धाकट्याचा हात घट्ट धरला होता. मला तो धरायला दिला नाही.

“त्यांनी तुला काही सांगितलं, तर ऐकशील ना?”