चार नंबरच्या घरातली वाटी

उत्खननाच्या जागेवर बाईंचा एकच नियम होता आणि तो मोडणाऱ्याची त्यांनी कधी गय केली नाही. डोळ्यांना जे दिसलं ते वहीत शाईने लिहायचं, मनाला जे वाटलं ते पेन्सिलीने. माती लाल आहे, हे शाईने. इथे चूल असावी, हे पेन्सिलीने. शाईचं लिहिणं चुकलंच तर गिरगटायचं नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही नि तारीख. नव्या पोरांना ही म्हातारीची हौस वाटायची. बाई त्यांना एकदाच समजावून सांगत. "आपण खणतो म्हणजे मोडतो. मातीचा थर एकदा उचलला की तो परत ठेवता येत नाही. मग तो उरतो फक्त या वहीत. तिच्यात तुझे तर्क मिसळलेस, तर पुढच्याने काय तुझं डोकं खणायचं?" कामावरची माणसं पाठीमागे त्यांना शाईबाई म्हणत. बाईंना ते पक्कं माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्यांच्या सुनेला हा नियम लग्नाच्या आधीपासून पाठ होता, कारण ती आधी त्यांची विद्यार्थिनी होती. जागेवर 'मॅडम' आणि घरी 'आई', अशी दोन खाती तिने नीट वेगळी ठेवली होती. नाही म्हणायला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात जेवताना तिच्या तोंडून "मॅडम, पोळी वाढू?" निघून गेलं, आणि तिचा नवरा पुढे महिनाभर आपल्या आईला मॅडम म्हणत फिरला. तो दातांचा डॉक्टर. घरातल्या दोन्ही बायका मेलेल्यांच्या मागे लागलेल्या असताना जिवंत माणसांकडे कुणीतरी बघायला नको का, असं तो म्हणायचा.

सुनेचं काम जळक्या बियांचं. धान्य मातीत कुजून जातं, पण जळून कोळसा झालं की हजारो वर्षं तसंच राहतं. त्यामुळे कुणाचं घर जळालं की बियावाल्यांची चांदी. आणि चार नंबरचं घर तर असं जळालं होतं की त्याच्या मातीच्या भिंती विटांसारख्या भाजून निघाल्या होत्या.

ते घर बाईंनी एकतीस वर्षांपूर्वी खणलं. त्याच्यावरच त्यांचं पुस्तक उभं होतं. तीन हजार वर्षांपूर्वी या वस्तीवर परक्यांनी हल्ला केला, घरं पेटवली, माणसं हातातलं टाकून जीव मुठीत धरून पळाली, असं त्यात लिहिलं होतं. पुरावा म्हणून चुलीशेजारी सापडलेली एक वाटी. एवढीशी, एका बाजूला तोटी असलेली, बाळाला दूध पाजायची. तिचा फोटो मुखपृष्ठावर होता. दोन पिढ्या त्या फोटोकडे बघत हा विषय शिकल्या, सूनही त्यातलीच. अकरावीत असताना वाचनालयात ते पुस्तक तिच्या हाती लागलं आणि ती या धंद्यात आली ती आलीच.

आता त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. सोमवारी शेवटची प्रत छपाईला जाणार होती. बाईंनी सुनेला शेवटी जोडायला दोन पानं लिहायला सांगितली होती. त्या घरातली माणसं काय पिकवत, काय साठवत, एवढंच. "कोठ्यांमधल्या मातीच्या पिशव्या आहेत की अजून," त्या म्हणाल्या होत्या.

त्या पिशव्या असणं हीच एक नवलाची गोष्ट होती. एकतीस वर्षांपूर्वी मातीतून बिया काढायचं तंत्र इथे कुणालाच येत नव्हतं. माती सरसकट ढिगाऱ्यावर टाकत. एकट्या बाईंनी प्रत्येक कोठीतून, प्रत्येक कोपऱ्यातून एकेक पिशवी भरली, चिठ्ठी बांधली आणि गोदामात रचून ठेवली. कशाला, असं कुणी विचारलं की म्हणत, "मला येत नाही ते पुढे कुणाला तरी येत असेल."

ते सुनेला येत होतं. ड्रममध्ये पाणी भरायचं, माती सोडायची, हलक्या हाताने ढवळायची. कोळसा झालेलं बी हलकं, ते वर तरंगतं. ते बारीक कापडावर गाळून घ्यायचं. धान्याच्या पाच कोठ्या होत्या, म्हणजे मुठी-मुठीने धान्य मिळणार, असं धरून ती बसली होती. पहिल्या कोठीतून एकही दाणा आला नाही. दुसरीतून नाही, तिसरीतून नाही. पाचही कोठ्या साफ रिकाम्या.

आधी तिने स्वतःवर संशय घेतला. या धंद्यात तशीच शिस्त आहे. मातीत तिने मोजून पन्नास जळके खसखशीचे दाणे मिसळले आणि पुन्हा सगळं केलं. अठ्ठेचाळीस परत आले. म्हणजे गाळणी ठीक होती, हात ठीक होता. मग तिने घराच्या चार कोपऱ्यांमधल्या पिशव्या काढल्या, आणि तिथे मात्र कापड काळं झालं. गवत. बी धरलेलं सुकं, मऊ गवत, चारही कोपऱ्यांत भरपूर.

ती स्टुलावर बसून राहिली. घर रिकामं केलेलं, कोपऱ्यांत गवत रचलेलं. पळणारी माणसं असं करत नाहीत. आपलं घर आपल्याच हाताने पेटवणारी करतात.

"सोमवारनंतर सांग," नवरा म्हणाला. "किंवा मी परगावी असताना सांग."

"छापून झाल्यावर सांगू?"

"अगं, तिचं अख्खं आयुष्य आहे ते पुस्तक. वर्षातले सहा-सहा महिने मला मावशीकडे टाकून तिने ते घर खणलंय. मावशीला मी आई म्हणायला लागलो होतो, माहितेय ना? आणि आता तू जाऊन सांगणार की ते सगळं चुकलं?"

 बाईंवर सुनेचा जीव होता. स्वतःच्या आईपेक्षा जास्त, असं ती कबूल करायची नाही, पण होता. तोंड उघडावं तर त्यांचं आयुष्य मोडायचं. गप्प बसावं तर त्यांनीच शिकवलेलं मोडायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

शनिवारी तिने बाईंच्या जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. एकूण एक्केचाळीस वह्या. चार नंबरच्या घराची वही काढून ती उभ्याउभ्याच वाचायला लागली, आणि वाचता वाचता खाली फरशीवर बसली. तिला हवं होतं ते सगळं तिथे होतं. शाईने. बाईंच्या त्या सरळ, ताठ अक्षरात.

रविवारी सकाळी कामाच्या खोलीत दोघीच होत्या. लांब टेबल, खापरांचे ट्रे, खिडकीशी मायक्रोस्कोप. बाई छपाईच्या प्रतीतल्या चुका काढत बसल्या होत्या.

"मॅडम, तुमच्याशी बोलायचंय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "रविवारी मॅडम? म्हणजे काहीतरी बिनसलंय."

सुनेने सगळं सांगितलं. आकडे नीट सांगितले.  बाई उठल्या, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि गवताचं बी बराच वेळ बघत राहिल्या.

"कोठ्या आधी लुटल्या असतील," त्या शेवटी म्हणाल्या. "लुटलं, मग जाळलं."

"लुटणारा सांडतो, मॅडम. भेगांमध्ये चार दाणे तरी राहतात. इथे एकही नाही. कोठ्या पुसून घेतल्यासारख्या आहेत."

"गवत छपराचं असेल. जळताना खाली पडलं."

"छपराचे वेत तुम्हाला वरच्या थरात मिळाले होते. हे त्याच्या खालचं. पिशवीच्या चिठ्ठीवर तुम्हीच लिहिलंय, 'जमिनीला लागून'."

"तुझी गाळणी?"

"पन्नासात अठ्ठेचाळीस."

बाईंनी मान डोलावली. परीक्षक म्हणून त्या अशाच बसत; उत्तर बरोबर आलं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायच्या नाहीत. मग त्यांनी हळू आवाजात चौथा प्रश्न विचारला. "आणि वाटी?"

सुनेने वही पुढे सरकवली. खूण घातलेलं पान बाईंनी उघडलं आणि स्वतःचंच अक्षर मोठ्याने वाचलं. "वाटी पालथी. कड सगळीकडून जमिनीला टेकलेली. खाली राख नाही. जमीन झाडलेली, झाडूचे ओरखडे चुलीकडून दाराकडे."

त्या थांबल्या. वाटी पालथी होती. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ती सुलटी होती, तोटी दिसावी म्हणून. एकतीस वर्षं सगळ्यांनी, खुद्द बाईंनीही, ती सुलटीच पाहिली होती. पळणारी बाई वाटी टाकते. धुऊन, पालथी घालून, झाडलेल्या जमिनीवर ठेवते ती शांतपणे निघालेली बाई.

त्याखाली आणखी एक ओळ होती. ती बाईंनी मोठ्याने वाचली नाही. सुनेने ती आदल्या दिवशी वाचली होती, आणि मग एक्केचाळीसही वह्या चाळून खात्री करून घेतली होती की असं दुसरीकडे कुठेच नाही. 'आई मूल घेऊन पळाली.' शाईने.

"हे मी शाईने लिहिलं," बाई म्हणाल्या.

"हो."

"मला अजून तो दिवस आठवतोय. याला तीन दिवस ताप होता. दीड वर्षाचा होता. मावशीचा सकाळी निरोप आला, उतरला म्हणून. आणि दुपारी ती वाटी निघाली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाळाची वाटी मागे ठेवून कुणी आपणहून जाईल, हे माझ्या मनात येऊच शकलं नाही. कुणीतरी हाकललं असणार तिला, बिचारीला. आपणहून बाळ सोडून आलेली आई मी एक होते, गं. तेवढी पुरे होती."

 सुनेचे डोळे भरून आले, आणि त्यात दुःखापेक्षा अभिमान जास्त होता. तिच्या समोर बसलेल्या या बाईने इतका ताप डोक्यात असताना आधी झाडूचे ओरखडे लिहिले होते. वाटीखाली राख आहे का ते वाकून पाहिलं होतं. स्वतःला पटत नव्हतं तेही लिहून ठेवलं होतं, पिशव्या भरल्या होत्या, चिठ्ठ्या बांधल्या होत्या. बाईंना खोटं पाडायला लागणारं सगळं बाईंनीच जपून ठेवलं होतं.

"आई," ती म्हणाली. रविवार होता.

बाईंनी पेन उघडलं. पट्टी घेतली. त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही केली, तारीख घातली.  मग छपाईची प्रत उचलून त्यांनी चौथ्या प्रकरणाची पानं वेगळी काढली.

"प्रकाशकाला उद्या मी फोन करते. ओरडेल, ओरडू दे. हे प्रकरण नव्याने लिहायचं. तू लिही."

"मी? अहो, पण पुस्तक तुमचं आहे."

"घर त्यांचं होतं. तेही वाटून घेतलंच की आपण." त्या पहिल्यांदा हसल्या. "पण आपलंच घर त्यांनी का जाळलं? ते सांगता येतंय?"

"नाही. कीड असेल, आजार असेल, कुणी म्हातारं गेलं असेल. मला माहीत नाही. एवढंच माहितेय की वरच्या थरात त्याच भिंतींवर नवं घर आहे, आणि चूल बरोब्बर त्याच जागी आहे. म्हणजे तीच माणसं परत आली असावीत."

बाई उठल्या. कपाटातून वाटी काढली, दोन्ही हातांनी, आणि टेबलावर पालथी ठेवली. तशी ती अगदी साधी दिसत होती. धुऊन ठेवलेल्या कुठल्याही भांड्यासारखी.

"परत आली," त्या म्हणाल्या. "मग वाटी का काढून घेतली नाही?"

सून वाटीकडे बघत राहिली. बोलावं की नाही, असं तिला झालं. तिच्याजवळ ना बी होतं, ना राख, ना आकडा.

"मूल मोठं झालं असेल, आई. वाटी लागत नसेल त्याला."

 खिडकीबाहेर कुणीतरी ड्रममधलं पाणी ओतून देत होतं.

"पुरावा आहे?"

"नाही."

बाईंनी कानावरची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली.

"मग पेन्सिलीने लिही," त्या म्हणाल्या. "पण लिही."